हाताला न येणारे शब्द

माझं लिखाण वाचून लोकांना कायम वाटायचं की हिच्याकडे शब्दच कमी आहेत. गप्पांमध्ये तसं कोणाला कधी वाटलं नाही, उलट मला थांबवावं लागतं, पण कागद पुढे आला की माझी भाषा एकदम प्राथमिक शाळेतल्या मुलीची व्हायची. डोक्यात असायचं ‘खांद्याच्या हालचालीत लक्षणीय सुधारणा आहे, पण रात्रीचं दुखणं तसंच आहे’ आणि कागदावर उतरायचं ‘आता बरं आहे. रात्री दुखतं.’ कारण ‘लक्षणीय’ लिहायला घेतलं की क्ष पाशी पेन अडकणार, मग तो ण पुढे की मागे, य ला वेलांटी की ण ला, आणि हे सगळं सोडवेपर्यंत वाक्याचा उरलेला अर्धा भाग डोक्यातून निघून गेलेला असणार. म्हणून मी ‘बरं’ लिहायचे. तो शब्द हाताला येत होता. आता मी बोलून लिहिते, म्हणजे मी बोलते आणि सॉफ्टवेअर ते टाइप करतं, आणि हा लेख त्याबद्दलच आहे.

मला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे वाचायला-लिहायला कायमची अडचण, आणि मी फिजिओथेरपिस्ट आहे. मोठेपणी रीतसर टेस्ट झाली तेव्हा त्या गोष्टीला नाव मिळालं, पण नाव मिळायच्या खूप आधीपासून मी एक सवय लावून घेतली होती, ती म्हणजे शब्द निवडताना अर्थ न बघता स्पेलिंग बघायचं. कुठला शब्द बरोबर आहे हा प्रश्नच नसायचा, कुठला शब्द मला लिहिता येईल एवढाच प्रश्न असायचा. ज्यांना हे कधी करावं लागलं नाही त्यांना याचं वजन कळणं अवघड आहे असं मला वाटतं. चुका दिसतात, लाल रेघ दिसते, त्यामुळे डिस्लेक्सिया म्हणजे चुका असं सगळे समजतात, पण जे वाक्य आपण लिहिलंच नाही ते कोणालाच दिसत नाही. माझ्या केसपेपरवर चुका फार नसायच्या. माझ्या केसपेपरवर मीच नसायचे.

डिस्लेक्सिया म्हणजे डोळ्यांचा प्रॉब्लेम, अक्षरं उलटी दिसतात, असं अजूनही खूप लोक म्हणतात, शिकलेले लोकही म्हणतात. सुरुवातीला याकडे लक्ष गेलं तेही डोळ्यांच्या डॉक्टरांचंच, आणि ते साहजिक होतं कारण अशा मुलांना पहिल्यांदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच नेलं जायचं. हा शब्दच मुळात रुडॉल्फ बर्लिन नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वापरात आणला. पण मला जास्त जवळची वाटते ती १८९६ सालची नोंद. प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्लंडमधल्या डॉक्टरने ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं. मुलगा हुशार, खेळात वयाच्या मुलांपेक्षा कुठेही मागे नाही, ७४९ गुणिले ८६७ हा गुणाकार त्याने पटकन आणि बरोबर केला, पण वाचता येईना आणि स्वतःचं नाव लिहिताना त्याने त्यातली दोन अक्षरं उलटसुलट केली, म्हणजे आपल्या लिपीत सांगायचं तर पर्सीचं प्रेसी केलं, आणि पुन्हा पुन्हा लक्ष वेधेपर्यंत ते त्याच्या लक्षातही आलं नाही. त्याच्या मास्तरांचं मत मॉर्गनने नोंदवून ठेवलंय, की शिकवणं जर सगळं तोंडी असतं तर हा शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा ठरला असता.

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं (हो, ऐकलं, मी असे लेख ऐकतेच) तेव्हा मी ते परत मागे नेऊन ऐकलं. एका मास्तराला १८९६ मध्ये हे कळलं होतं, उपाय काय ते त्याच्या वाक्यातच होतं, फक्त तोंडी बोललेलं कागदावर आणणारं असं काहीच त्या मुलाच्या हातात नव्हतं.

आज जे माहितीये ते थोडक्यात असं आहे की प्रॉब्लेम बहुतेक वेळा आवाज आणि चिन्ह यांची सांगड घालण्यात असतो. शब्दाचे छोटे छोटे आवाज सुटे करायचे, प्रत्येकाला चिन्ह लावायचं, आणि हे इतक्या वेगाने की विचार करावा लागू नये. माणूस बोलतोय ते प्राचीन काळापासून, पण लिपी आली साधारण पाच हजार वर्षांपूर्वी, त्यामुळे मेंदूत वाचनासाठी जन्मापासून राखून ठेवलेली जागा नाही. वाचायला शिकताना मेंदूच्या डाव्या बाजूचा, मागच्या-खालच्या भागातला एक तुकडा, जो एरवी चेहरे आणि वस्तू ओळखण्याच्या कामातला असतो, तो अक्षरांच्या कामाला लावला जातो आणि बोलण्याच्या भागांशी जोडला जातो. माझ्यासारख्यांमध्ये हे जोडकाम हळू होतं आणि कच्चं राहतं. बुद्धीशी त्याचा संबंध नाही. आणि ते घराण्यात चालत येतं, माझे बाबा आयुष्यभर ‘चष्मा विसरलो, तूच वाच’ म्हणत आले.

मराठीत जसं बोलतो तसं लिहितो, मग मराठीत कसला डिस्लेक्सिया, हेही मी ऐकलंय. अर्धं खरं आहे. ज्या भाषांमध्ये आवाज आणि अक्षर यांचं नातं सरळ असतं, जसं इटालियन, तिथे डिस्लेक्सिया असलेली माणसं शब्द चुकीचे कमी वाचतात पण वाचतात मात्र फार हळू, आणि इंग्रजीत हळूही वाचतात आणि चुकतातही. २००१ मध्ये इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी बोलणाऱ्या डिस्लेक्सिक लोकांच्या मेंदूचं स्कॅनिंग करून तुलना केली गेली तेव्हा वाचताना त्याच भागात काम कमी पडताना दिसलं, भाषा कुठलीही असो. देवनागरीत मला इंग्रजीपेक्षा बरं पडतं हे मान्य. पण पहिली वेलांटी बघा, आवाज अक्षरानंतर येतो आणि चिन्ह अक्षराच्या आधी काढायचं. रफार बघा, ‘सूर्य’ म्हणताना र आधी येतो आणि लिहिताना तो पुढच्या य च्या डोक्यावर जाऊन बसतो. ‘कर्म’ आणि ‘क्रम’ यांत तर फक्त र कुठे लटकतोय एवढाच फरक, आणि दोन्ही शब्द खरे. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, छोट्या अक्षरात हे माझ्यासाठी जुळे भाऊ आहेत. ‘भार’ आणि ‘मार’ यातलं काय लिहिलंय ते मी आजूबाजूच्या वाक्यावरून ठरवते.

तर मग बोलून लिहिणं. मी त्याकडे वळले ते फोनमुळे, कीबोर्डवर माइकचं चिन्ह होतं, दाबलं. गूगलने २०१७ च्या ऑगस्टमध्ये आवाजाने टाइप करायच्या भाषांमध्ये मराठीसकट बऱ्याच भारतीय भाषा घेतल्या, इंग्रजीत ते आधीपासून होतं. मी एका पेशंटच्या मुलीला व्यायाम समजावून सांगणारा मेसेज करत होते, एरवी मी अशा वेळी सरळ फोन लावला असता, पण त्या दिवशी मी बोलले, आणि स्क्रीनवर ‘हळूहळू’, ‘गुडघ्याच्या मागच्या स्नायूला’, ‘अस्वस्थ वाटल्यास’ असे शब्द येत गेले. ‘अस्वस्थ’ हा शब्द मी त्याआधी कधी लिहिला असेल असं मला वाटत नाही. बोलले मात्र रोज असेन.

त्यानंतर मी या सॉफ्टवेअरचा इतिहास शोधत बसले, आवड म्हणून, आणि एका गोष्टीने मला खरंच त्रास झाला. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत ऑड्रे नावाचं यंत्र होतं ते शून्य ते नऊ आकडे ओळखायचं, तेही ज्याच्या आवाजाला लावून घेतलंय त्याचेच नीट. पुढे १९९० मध्ये ड्रॅगनडिक्टेट आलं, बाजारात विकत मिळणारं डिक्टेशन सॉफ्टवेअर, पण त्यात प्रत्येक शब्दानंतर थांबावं लागायचं. एक. शब्द. मग. दुसरा. १९९७ मध्ये त्याच कंपनीने सलग बोललेलं ओळखणारं सॉफ्टवेअर आणलं. इथपर्यंत ठीक. पण त्या काळी सॉफ्टवेअरला तुमचा आवाज शिकवायचा तर आधी स्क्रीनवर दिलेला मोठा उतारा मोठ्याने वाचून दाखवावा लागायचा. म्हणजे ज्याला वाचता येत नाही म्हणून हे हवंय त्याने आत शिरण्याआधी वाचून दाखवायचं. आणि शब्द चुकीचा आला की सारख्या दिसणाऱ्या शब्दांची एक यादी यायची आणि त्यातला बरोबर निवडायचा. हे वाचून दाखवण्याचं बंधन २००६ च्या आसपास गेलं. मधल्या काळात किती जण त्या पहिल्या उताऱ्यापाशीच परत फिरले असतील याचा विचार माझ्या मनातून जात नाही. कोणी दुष्टपणाने केलं नव्हतं ते, तंत्रज्ञानाची ती गरज होती, पण ज्यांच्यासाठी वस्तू आहे ते लोक बनवताना खोलीत नसले की काय होतं ते इथे दिसतं.

फायदा काय झाला ते मी माझ्यापुरतं सांगू शकते, पण संशोधनातही तेच दिसलंय. १९९५ मध्ये अमेरिकेत लर्निंग डिसअ‍ॅबिलिटी असलेल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांचे निबंध तपासले गेले, कोणाच्याही मदतीशिवाय लिहिलेले, लेखनिकाला सांगून लिहिलेले आणि सॉफ्टवेअरला सांगून लिहिलेले. सॉफ्टवेअरवाल्या निबंधांना मदतीशिवाय लिहिलेल्यांपेक्षा जास्त मार्क मिळाले, आणि महत्त्वाचं म्हणजे त्यात मोठे, म्हणजे सात किंवा जास्त अक्षरी इंग्रजी शब्द जास्त होते. मोठे शब्द त्या मुलांकडे आधीपासून होतेच. फक्त हात मध्ये येत होता.

लेखनिक आणि सॉफ्टवेअर यातला फरक ज्याने दोन्ही वापरलंय त्यालाच कळतो. परीक्षेत मला लेखनिक मिळाली होती, मुलगी चांगली होती, तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण समोर माणूस बसलाय म्हटलं की तुम्ही वाक्य बदलायला घाबरता. ‘ते खोड, नको, आधीचंच ठेव’ हे एकदा म्हणता येतं, पुन्हा म्हणता येतं, मग तिचा हात दुखत असेल असं वाटायला लागतं आणि तुम्ही अर्धवट वाक्यावर समाधान मानता. माइकसमोर मी एकच वाक्य हवं तितक्या वेळा मोडते. लिहिणं म्हणजे मोडणंच जास्त असतं, हे मला इतक्या उशिरा कळलं, कारण त्याआधी जे एकदा कष्टाने उतरलं ते पुसायची हिंमत व्हायची नाही.

आता अवघड भागाकडे येते, कारण ‘अगं सोपं आहे, बोल की झालं’ असं सांगणाऱ्यांनी तो कधी बघितलेला नसतो.

हे सॉफ्टवेअर स्पेलिंग सहसा चुकवत नाही. म्हणजे ते जे लिहितं तो बहुतेकदा खरा शब्द असतो, नीट लिहिलेला, फक्त तो मी बोललेला शब्द असेलच असं नाही. आवाजाचे अगदी बारीक तुकडे, सेकंदाच्या चाळिसाव्या भागाएवढे, एकावर एक येणारे, घेऊन ते कुठला आवाज असेल याचा अंदाज बांधतं, आणि त्याच वेळी या शब्दानंतर कुठला शब्द येण्याची शक्यता जास्त हेही बघतं. त्यामुळे जिथे आवाज पुसट तिथे जे नेहमीचं ते जिंकतं. ‘काळ’चं ‘काल’, ‘मूळ’चं ‘मूल’, ‘वेळ’चं ‘वेल’. लाल रेघ येणार नाही, कारण शब्द बरोबर आहे. आणि बरोबर दिसणाऱ्या चुकीच्या शब्दावरून माझा डोळा सरळ पुढे जातो. पूर्वीच्या माझ्या चुका निदान जगाला दिसत तरी होत्या, या चुका मला दिसत नाहीत, स्पेलचेकला दिसत नाहीत आणि वाचणाऱ्याला वाटतं की मी तसंच म्हटलंय.

माझ्या कामात याची किंमत पेशंट मोजेल. अ‍ॅबडक्शन म्हणजे हात किंवा पाय शरीरापासून लांब नेणं आणि अ‍ॅडक्शन म्हणजे जवळ आणणं, बोलताना फरक एका ब चा. आमच्यात म्हणूनच डिक्टेशन देताना ‘ए-बी-डक्शन’, ‘ए-डी-डक्शन’ असं फोडून बोलतात, आणि ही पद्धत डिस्लेक्सियाशी संबंध नसलेल्या डॉक्टरांचीही आहे. हायपर (म्हणजे जास्त) आणि हायपो (म्हणजे कमी) तसंच. सगळ्यात वाईट म्हणजे ‘नाही’. ‘सूज नाही’ मधलं नाही मी श्वासाबरोबर हळू बोलले आणि ते गळलं की उरतं फक्त ‘सूज’. म्हणून मी नकार बोलायची पद्धतच बदलली, ‘सूज नाही’ ऐवजी ‘सूज दिसत नसून त्वचा नेहमीसारखी’ असं काहीतरी, ज्यात एक शब्द गळला तर वाक्य मोडकं दिसेल, उलटं होणार नाही. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, ज्याला गरज असते तो शोधतो.

आणि मग ऐकणं. बोलून झालं की सगळं मी मशिनच्या आवाजात परत ऐकते, हे केल्याशिवाय एकही नोट सेव्ह करत नाही. डोळ्याला न दिसणारा ‘वेल’ कानाला लगेच खटकतो. माझं मत विचाराल तर डिस्लेक्सिया असलेल्या माणसाला नुसतं बोलून लिहायचं सॉफ्टवेअर देणं हे अर्धंच काम आहे, वाचून दाखवणारं सोबत नसेल तर त्याला एका दरीतून काढून दुसऱ्या दरीच्या काठावर उभं केल्यासारखं होतं. तोंड आणि कान, दोन्ही हवेत. पण कानालाही मर्यादा आहे. इंग्रजीत इलियम हा शब्द एका अक्षराच्या फरकाने दोन प्रकारे लिहितात, एक कमरेचं हाड आणि दुसरा लहान आतड्याचा भाग, आणि उच्चार जवळजवळ सारखाच. मशीन मला कितीही वेळा वाचून दाखवो, कानाला ते कळणार नाही. मराठीत ‘दिन’ आणि ‘दीन’ तसेच. अशा शब्दांची मी एक छोटी यादी केलीये आणि ते शब्द नोटमध्ये आले की शोधून अक्षर अक्षर तपासते, आणि हा लेख टाकायच्या आधी ऱ्हस्व-दीर्घ माझी एक मैत्रीण बघते. ती मदत मी हक्काने घेते.

बोलायचं कसं हेही शिकावं लागतं. सुरुवातीला मी घाबरून एकेक शब्द सुटा सुटा बोलायचे आणि चुका वाढायच्या, कारण आजच्या सॉफ्टवेअरला आजूबाजूचे शब्द लागतात, एकटा शब्द दिला की ते बिचकतं. पूर्ण वाक्य एका दमात दिलं तर जास्त बरोबर येतं. पण पूर्ण वाक्य आधी डोक्यात धरून ठेवणं हेच तर आमच्यातल्या बऱ्याच जणांना जड जातं, डिस्लेक्सियाबरोबर वर्किंग मेमरी, म्हणजे काम करताना गोष्टी थोडा वेळ डोक्यात धरून ठेवायची ताकद, कमी असणं हे खूपदा येतं. मग मी आधी मुद्दे बडबडते, कसेही, ते रेकॉर्ड करते, चालत चालत, आणि मग एकेक मुद्दा घेऊन त्याचं वाक्य करते. दमलेली असले की माझी जीभही अडखळते, ‘परिस्थिती’ची कधी ‘पतिस्थिरी’ होते, लांब शब्दांतले आवाज जागा बदलतात, आणि मग सॉफ्टवेअर जे काही लिहितं ते मला सोडवताही येत नाही. अशा दिवशी नोट्स कमी बोलते आणि लवकर घरी जाते.

सगळ्यांचा आवाज या यंत्रांना सारखाच कळतो असंही नाही. २०२० मध्ये अमेरिकेत पाच मोठ्या कंपन्यांच्या सिस्टिम तपासल्या तेव्हा गोऱ्या लोकांच्या बोलण्यात सरासरी शंभरातले १९ शब्द चुकले आणि कृष्णवर्णीय लोकांच्या बोलण्यात ३५. बोलणाऱ्यांचा दोष नव्हता, ज्यांचे आवाज शिकवताना कमी वापरले गेले त्यांचे आवाज कमी कळले. मराठीतही मी बघते, पुस्तकी भाषेत बोलले की स्क्रीनवर सगळं छान येतं आणि घरच्या बोलीत बोलले की अडतं, म्हणजे ज्यांना लेखी भाषा मुळातच परकी वाटते त्यांनाच यंत्राशी लेखी भाषेत बोलावं लागतं. २०२४ मध्ये संशोधकांनी अजून एक गोष्ट दाखवली, की नव्या पद्धतीची सिस्टिम बोलण्यातल्या लांब गॅपमध्ये कधी कधी कोणी न बोललेली वाक्यंच्या वाक्यं घुसवते. मला गॅप घ्यावी लागते. म्हणून माझा नियम असा की विचार करायचा असला की माइक बंद करायचा, चालू ठेवून गप्प बसायचं नाही.

आणि एक गोष्ट जी कुठल्याही सॉफ्टवेअरने सुटत नाही ती म्हणजे लोक. लिहिणं ही गुपचूप करायची गोष्ट आहे, इतर सगळे भरल्या खोलीत गुपचूप लिहितात, आणि मला त्यासाठी आवाज काढावा लागतो. पेशंटची माहिती खासगी असते, ती मी कॉरिडॉरमध्ये बोलू शकत नाही. वैतागलेला मेल शेजारी बसलेल्याच्या कानावर पडेल म्हणून लिहिता येत नाही. दार असलेली खोली मिळणं हे माझ्यासाठी पेन मिळण्यासारखं आहे. आधी मी जिथे काम करत होते तिथे मला सांगितलं गेलं की सगळ्यांना एकच पद्धत, नोट्स हातानेच, तुला वेगळं दिलं तर बाकीचे काय म्हणतील. मी तिथून निघाले. आता जिथे आहे तिथे एक छोटी स्टोअररूम आहे, टॉवेल आणि उशा ठेवायची, कापडांमुळे आवाज घुमत नाही, हेडसेट लावून मी तिथे बसते. इतक्या साध्या सोयीने एखाद्याचं काम होऊ शकतं, आणि नाही म्हणणाऱ्यांना ती सोय इतकी मोठी का वाटते हे मला आजही कळत नाही.

‘पण मग ते तू लिहिलंस असं कसं म्हणायचं?’ हे विचारणारे भेटतात, वाईट हेतूने नाही विचारत. याचं उत्तर मराठी माणसाला द्यावं लागू नये असं मला मनापासून वाटतं. ज्ञानेश्वर बोलले आणि सच्चिदानंदबाबांनी उतरवून घेतलं, सातशे वर्षांहून जास्त झाली, ते कोणाचं याबद्दल कोणाला शंका आली नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, काम करता करता त्या ओव्या रचत गेल्या, मुलाने, सोपानदेवांनी आणि जवळच्या नातलगांनी त्या टिपून ठेवल्या, त्यांच्या पश्चात त्या छापून आल्या. उतरवून घेणाऱ्यांचे उपकार आहेतच, पण कविता बहिणाबाईंची. अक्षर काढणं ही एक कला आहे आणि वाक्य रचणं ही वेगळी, दोन्ही एकाच माणसात बहुतेकदा असतात म्हणून आपण त्यांना एकच समजतो. एक्सरे, सीटी स्कॅन बघणारे डॉक्टर कित्येक दशकं त्यांचे रिपोर्ट बोलून देतायत, त्यांना कोणी विचारत नाही की हे तुम्हीच लिहिलं का.

तरीही माइक मिळाला म्हणून वाचायला शिकू नये असं मी म्हणणार नाही, आणि इथे माझ्यासारख्याच काही लोकांशी माझं पटत नाही. औषधाच्या बाटलीवरचं लेबल, फॉर्मवरचे रकाने, रस्त्यावरची पाटी, कोणाचं आडनाव, ओटीपीचे आकडे, हे सगळं तिथल्या तिथे वाचावंच लागतं. माझ्या मुलालाही डिस्लेक्सिया आहे, लहानपणीच कळलं, आणि त्याला आम्ही आवाज-अक्षर एकेक करून, ऐकून, बोलून, हाताने गिरवून, शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवतो. ही पद्धत नवी नाही, सॅम्युएल ऑर्टन हे मेंदूचे डॉक्टर आणि अ‍ॅना गिलिंगहॅम या शिक्षिका यांनी १९३० च्या दशकात तिचा पाया घातला. कंटाळवाणी आहे, हळू आहे, आणि त्याला त्याचा उपयोग होतोय. त्याचबरोबर त्याच्याकडे डिक्टेशनही आहे. आधी नीट लिहायला शीक, मग माइक देते, असं मी त्याला कधीच म्हणणार नाही, कारण तोपर्यंत तो ‘आता बरं आहे’ असं लिहायला शिकलेला असेल आणि ती सवय मोडायला काय लागतं ते मला माहितीये.

त्याचं आणि माझं मात्र एका बाबतीत जमत नाही. घरी तो टेबलाखाली शिरून ब्लॅकहोलवर पानंच्या पानं बोलतो. वर्गात अजिबात नाही. ‘सगळ्यांना ऐकू जातं आई, माझं लिहून व्हायच्या आधीच त्यांना कळलेलं असतं मी काय लिहिणार ते,’ असं तो म्हणतो. मी त्याला वेगळ्या खोलीबद्दल सांगितलं, तर म्हणाला की वेगळ्या खोलीत गेलो की सगळ्यांना कळतं मी का गेलो. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, त्याचं वय लक्षात घेतलं तर त्याचंच बरोबर आहे. शेवटी त्याच्या बाईंशी बोलून असं ठरलंय की वर्गात तो लॅपटॉपवर पुढचा शब्द सुचवणारं सॉफ्टवेअर वापरणार, सुचवलेला शब्द निवडायच्या आधी कानात एक इअरफोन लावून ऐकणार, आणि लांब लिखाण घरी बोलून करून आणणार. बाईंनी फक्त एक अट घातली, की बोलून आणलेल्या निबंधाचं पहिलं मोडकंतोडकं रेकॉर्डिंगही सोबत द्यायचं, त्यांना ते ऐकायचं असतं.